सतरा नंबरचा बिल्ला

३ जून

ती. आजीस साष्टांग नमस्कार. वि. वि.

माझी तब्येत ठीक, धुळीने शिंका तेवढ्या चालू आहेत. वर्तमानपत्राच्या कचेरीत जुन्या अंकांच्या खोलीत बसून मी सरोवरातल्या बोटींच्या अपघातांच्या बातम्या उतरवतेय. बुडालेल्या त्या आगबोटीसाठी इथल्या धक्क्यावर दगड बसणार आहे, त्यावर मेलेल्यांची नावं कोरायची आहेत. पाथरवट बावीस तारखेला छिन्नी लावणार. त्याआधी यादी मी द्यायची.

आणि मी पार गोंधळलेय. मंगळवारच्या अंकात नऊ बुडाले, त्यांत भट्टीत कोळसा टाकणारा आगवाला, बिल्ला नंबर सतरा. म्हणजे आपले आजोबा. गुरुवारच्या अंकात एकच ओळ: सतरा नंबर घरी जिवंत सापडला, मृत आठ. पण बंदर कचेरीच्या वहीत पाण्यातून काढलेली प्रेतं नऊच आहेत. मग नववा कोण? संपादक म्हणतात, छापलंय आठ तर आठच. तुला काही आठवतं का?

लोभ आहेच, थोडा पत्रातूनही येऊ दे.

तुझी नात

७ जून

चि. वाळवीस अनेक आशीर्वाद.

जुने कागद खातेस म्हणून वाळवी. राग आला तरी तेच नाव राहील.

तुझं पत्र तीनदा वाचलं. शेजारच्या मास्तरणीकडूनही वाचून घेतलं, तिलाही काही उमजलं नाही. तुझे आजोबा मंगळवारी मेले आणि गुरुवारी उठले, तर पुढची बेचाळीस वर्षं, ते खरोखरचे जाईपर्यंत, मी कोणाच्या नावाने खडे फोडले?

पेपरवाला आला होता खरा. स्वयंपाकघरात स्टुलावर बसला, वही काढली आणि म्हणाला, नवऱ्याबद्दल चार शब्द सांगा. मी म्हटलं, चार काय, चाळीस सांगते, कुठून सुरू करू? तेवढ्यात आतल्या खोलीतून हे तापाने फणफणलेले, पाणी मागत बाहेर आले. त्याच्या हातातली पेन्सिल गळून पडली. बातमीच उठून उभी राहिल्यावर काय करेल बिचारा.

बाकी आठवत नाही. आठ तर आठ. वेळेवर जेवत जा.

माया आहे ती आहे, कागदावर ओतायला मला जमत नाही.

तुझी आजी

११ जून

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुला काही आठवत नाही हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकतेय.

पुढचं ऐक. बोटीवर चढताना जो तो आपला बिल्ला धक्क्याच्या फाटकाजवळच्या फळ्यावर टांगायचा. बोट बुडाल्यावर बातमीदाराने मेलेल्यांची यादी त्या फळ्यावरूनच उतरवली. सतरा नंबर तिथे लटकत होता. आजोबा घरी तापात, मग बिल्ला काय पायांनी चालत गेला? आजी, चिडू नकोस. दगड एकदा कोरला की कायमचा.

रागावून का होईना, लिही.

तुझी वाळवी

१५ जून

चि. वाळवीस आशीर्वाद.

किती कुरतडशील. घे मग.

दोन दिवस आजारी पडलं की कंपनी माणूस बदलायची. यांना तर उठवत नव्हतं. धक्क्यावर एक हमाल होता. पुढचे दोन दात पडलेले, त्या फटीतून शीळ घालायचा, म्हणून सगळे त्याला शिट्टी म्हणत. त्याला बोटीवरचं काम हवंच होतं. सकाळी दारात आला. मी उशाखालचा बिल्ला काढून त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, मान खाली घालून जा, आज शीळ घालू नकोस. हसत गेला.

मग कंपनीची माणसं आली. आम्ही सांगितलं, बिल्ला चोरीला गेला. कोणी चोरला, तर माहीत नाही. खरं सांगितलं असतं तर यांचं काम गेलं असतं. शिट्टीला शोधायला कोणी आलं नाही, त्याच्या मागेपुढे कोणी नव्हतं.

तुझ्या आजोबांनी त्याचं नाव पुन्हा काढलं नाही. रस्त्यात कोणी शीळ घातली की जेवता जेवता उठून खिडकी लावून घ्यायचे. आम्ही बरोबर केलं की चूक, ते मला अजून कळत नाही, आणि या वयात कळून तरी काय करू.

त्याचं खरं नाव मला ठाऊक नाही. दगडावर शिट्टी असंच कोर. टोपणनाव शोभत नाही म्हणून संपादक कुरकुरला तर विचार, तुमच्या पेपराने घरी झोपलेला माणूस बुडवला तो शोभला का. कोणी सांगितलं म्हणाला, तर चोरीबिरी लिहू नकोस. छाप, की सतरा नंबरच्या बायकोने सांगितलं, बिल्ला तिनेच दिला.

अजून लोभ वाटला तर उत्तर लिही. नाही वाटला तरी नऊ कोर.

तुझी आजी