चादरींचा काटा

३ तारीख, सोमवार
सरळ उत्तर द्यायचं तर या आहारवाल्या बाईंच्या जिवावर येतं. विचारलं, भात सोडू का? म्हणे सोडू नका, कमी घ्या. साखरेऐवजी मध? म्हणे मधही साखरच. पोटाचे व्यायाम केले तर पोट जाईल? म्हणे सांगितल्या जागची चरबी जात नाही, तसा पुरावा नाही. घाम काढला तर? ते पाणी. मग तुम्ही हॉस्पिटलात बसता कशाला, असं तोंडावर आलं होतं. रोज अर्धा तास चाला आणि रक्त परत तपासा, एवढंच. मागच्या वेळी साखर काठावर होती.
रक्त पुढच्या आठवड्यात. घाबरत नाही, वेळ नाही.
खाली आमच्या लॉन्ड्रीत मळक्या चादरी तोलायचा काटा आहे, त्यावर उभी राहिले. चौऱ्याहत्तर.

५, बुधवार
चालले. वीस मिनिटं. बिस्किटं दोनच. आणखी दोन मोडकी होती, ती धरत नाही.

१०, सोमवार, सकाळी सात
बासष्ट! आठवड्यात बारा किलो. इस्त्रीवालीला सांगितलं तर म्हणाली, दिसत नाही गं. जळते. युनिफॉर्म घट्टच आहे, पण तो धुऊन आटला असणार. आम्हीच धुतो.

११, मंगळवार
बाईंना ऐकवायला वर गेले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चालून आठवड्यात बारा किलो जात नाहीत. खरंच एवढं उतरलं असेल तर आजच रक्त द्या."
थोरल्या बहिणीचं असंच झालं. आधी कपडे सैल, मग तहान, मग पायाला जखम, मग पायच गेला, मग ती. बारीक झालीस, छान दिसतेस, असं मीच म्हणाले होते.
रक्त दिलं नाही. जेवून आले होते.

१३, गुरुवार
पाणी सहा ग्लास. एरवी किती पिते, कोणी मोजलंय? आरशात तळपाय बघत होते. नवरा म्हणाला, काय हरवलं? काही नाही म्हटलं.
चालणं बंद. आणखी उतरलं तर? भात दुप्पट.

१७, सोमवार
त्रेसष्ट. एवढा भात खाऊन एकच किलो. अंगाला लागतच नाही.
मशीनवाल्या काकांनी मला काट्यावर बघितलं. म्हणाले, "ट्रॉली कुठाय?" कसली ट्रॉली? "अहो, सात तारखेला काटा ट्रॉलीसाठी लावून घेतलाय. रिकाम्या ट्रॉलीचे बारा किलो आपोआप वजा करतो."
म्हणजे मी पंचाहत्तर.
इस्त्रीवाली बसून हसली. मीही हसले. मग चादरींच्या ढिगामागे जाऊन बसले.

१८, मंगळवार, उपाशीपोटी
इस्त्रीवाली म्हणते, सुटलीस. कशातून सुटले? काठावरची साखर आहे तिथंच आहे, वर आठवडाभराचा भात.
रक्त दिलं. सुईकडे बघितलं नाही.
बाई म्हणाल्या, आणखी काही विचारायचंय? भात, मध, पोट सगळं विचारून झालं होतं. एकच राहिलं होतं. विचारलं, "ताईचं झालं ते माझं होणार का?"
म्हणाल्या, रिपोर्ट शुक्रवारी येईल, तो बघितल्याशिवाय कसं सांगू.
"मग बघा. आणि शुक्रवारी पाचच्या आत सांगा. हो की नाही, तेवढंच. मी खाली काट्यापाशी असते."