अंगठ्याखालचं बटण

४ मार्च, मंगळवार

बटण गेलं! ह्यांच्या फोनचं. सकाळपासून दाबून दाबून अंगठा लाल झाला, फोन ढिम्म. "अगं, बोलतच नाही हा." मी दाबून बघितलं – तेच. रुसून बसल्यासारखा गप्प.

कुणाला वाटेल एका बटणाचं एवढं काय! पण चार वर्षांपासून ह्यांना नुसता धुरकट उजेड दिसतो, बाकी काही नाही. काचेखालचं ते गोल बटण म्हणजे ह्यांचं घराचं दार. कुठेही चुकलं की दाबायचं, फोन पहिल्यापासून सुरू. दाबून धरलं की तो ऐकतो. त्याच्या जोरावर हा माणूस रोज सकाळी एकटा बाहेर पडतो. समोर आलेल्या बसचा नंबर फोन वाचून सांगतो. पुलापलीकडच्या वाचनालयात जायचं, बुद्धिबळाचे डाव खेळायचे, जेवायच्या वेळेला परत. ते गेले की मी फ्रेमच्या दुकानात – काचा कापायच्या, कोपरे जुळवायचे, कुणाशी बोलायचं नाही. अर्धा दिवस माझा!

उद्या नेऊन आणते. तासाभराचं काम असेल.

५ मार्च, बुधवार

तासाभराचं काम म्हणे!

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गारेगार एसी, आणि समोर एक टायवाला. फार गोड बोलतो. "आजी, हे मॉडेल बंद झालं. पार्ट येत नाहीत." निदान उघडून बघा म्हटलं. "उघडलं तर काच जाईल, सगळं चिकटवलेलं असतं. त्यापेक्षा हा एक्स्चेंजमध्ये द्या आणि नवा घ्या ना!" नवा ह्यांच्या हातात ठेवला. ह्यांनी चारी बाजूंनी हात फिरवला. सपाट. पुढे काच, मागे काच.

"ह्याचं तोंड कुठल्या बाजूला?" ह्यांनी विचारलं.

टायवाला हसला. मला नाही हसू आलं.

७ मार्च, शुक्रवार

चिरंजीवांचा फोन. तिकडे बसून सगळ्या जगाचा कारभार बघतात. नवा फोन परस्पर मागवलासुद्धा, रविवारी येईल! "आई, बटणवाला फोन आता कोण वापरतं गं? बाबा दोन दिवसांत शिकतील." चिरंजीव स्वतः दोन दिवसांत काय काय शिकले होते ते ओठांवर आलं होतं, गिळलं. हा जुना फोन शिकायला ह्यांना सहा महिने लागले. पहिल्या महिन्यात तर एकदा भिंतीवर भिरकावला होता. दोघंही वाचले, फोनही आणि भिंतही.

सिमकार्ड मीच काढून ठेवलं आहे. बघू.

९ मार्च, रविवार

हसावं की रडावं!

नवा फोन आला. जुन्यातलं सिमकार्ड त्यात घातलं. चहा घेता घेता हे त्याच्याशी ओळख करून घेत होते. अंगठा सवयीने बटण शोधत राहिला. समोर नाही, मग कडेला एक सापडलं. म्हणून तेच दाबलं – पटापट, जुन्यावर दाबायचे तसं. एकदम भोंगा सुरू! मी हातातला कप टाकला. हे फोन कानापासून लांब धरून ओरडतायत, "बंद कर! अगं बंद कर!" मला कुठलं बंद करता येतंय! शेवटी उशीखाली कोंबला. जरा वेळाने दारात ॲम्ब्युलन्स. स्ट्रेचर घेऊन दोघं जण जिना चढून वर. "पेशंट कुठे आहे?"

"पेशंट उशीखाली आहे," हे म्हणाले.

ते बिचारे भले निघाले. पाणी प्यायले, कडेचं बटण पाच वेळा दाबलं की मदतीला फोन जातो म्हणून समजावून सांगितलं, आणि गेले. शेजारीण अजून विचारतेय कोणाला काय झालं. मी हसून हसून दमले. हे हसले नाहीत. फोन खोक्यात घातला आणि खोकं टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकवून दिलं.

१० मार्च, सोमवार

दुकानातून रजा. ह्यांना मीच घेऊन गेले. जाताना माझं कोपर धरलेलं, बसमध्ये कोपर धरलेलं. वाचनालयात आठ म्हातारे आणि मी. बाकावर बसून दुसऱ्यांचे डाव बघायचे. मला घोडा कसा चालतो तेही कळत नाही.

११ मार्च, मंगळवार

परत तेच. दुकानाच्या मालकीणबाईंचा निरोप – शाळेच्या वर्गफोटोंची मोठी ऑर्डर आली आहे, कधी येताय? उद्या नक्की येते म्हटलं. खोटंच.

१२ मार्च, बुधवार

आज बोलून गेले. बसस्टॉपवर, चारचौघांत. हे सारखे विचारत होते – आली का, कुठली आली, ही आपली का? आणि कोपर इतकं घट्ट धरलेलं! माझा तोल गेला. "अहो, मी काय तुमची काठी आहे का?"

बोलले आणि तिथेच जीभ चावली. ह्यांनी हात काढून घेतला. तसेच उभे राहिले. मग मीच त्यांचा हात ओढून परत कोपरावर ठेवला, पण तो आता नुसता टेकलेला. धरलेला नाही.

खरं लिहायचं तर मला माझी सकाळ परत हवी आहे. ह्या माणसावर जीव आहे, चाळीस वर्षं आहे, आणि तरी मला माझी सकाळ हवी आहे. कुणाला सांगू हे? म्हणून इथे.

१३ मार्च, गुरुवार

"आज नको जायला. गुडघा धरलाय."

गुडघा कसला! घरातल्या घरात दहा फेऱ्या मारल्या. मग खिडकीपाशी बसून राहिले. हे असेच बसत होते, डोळे गेले त्या वर्षी. एक सबंध वर्ष. तो माणूस मला परत नको आहे. बटण कुठूनही आणीन, पण हा खिडकीतला माणूस नको.

मालकीणबाईंना फोन करून सगळं सांगून टाकलं. त्यांनी एक पत्ता दिला. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक बाई फोन दुरुस्त करते. "कपाळावर भिंग असतं तिच्या, लगेच ओळखाल."

१४ मार्च, शुक्रवार

भिंगवाली! मला आवडली. टपरीएवढं दुकान, मागे बरण्यांमधून फोनची आतडी. आल्या आल्या ह्यांना स्टूल दिलं आणि विचारलं, "काका, काय होतंय नेमकं? टक् होतंय का दाबल्यावर?" टायवाल्याने हे विचारलंच नव्हतं.

गोंद सैल व्हायला गरम पाटीवर फोन ठेवला, कडेने पातळ पातं सरकवलं, आणि काच अलगद वर. बटणाखाली बघते तर पिवळा चिकट थर. वास घेतला. "काका, हे मलम कुठलं?" गुडघ्याचं मलम! रोज सकाळी चोळायचं आणि त्याच हाताने फोन. मी ह्यांच्याकडे बघितलं, तर हे छताकडे. जणू काही दिसतंय तिथे.

ब्रशने साफ केलं, बटण टक् वाजलं. मी टाळी वाजवणार तेवढ्यात ती म्हणाली, "गेली." बटणाला एक पट्टी असते, कांद्याच्या पापुद्र्याएवढी. काच परत बसवताना ती तुटली. "माझ्या हातून गेली, काकू. आता बटणच बदलावं लागेल. ते मी शोधते."



१५ मार्च, शनिवार

तिने नकली बटण मागवून बसवलं. मूळ बटण आतल्या बोर्डाशी जुळवलेलं असतं, म्हणून दुसरं कुठलंही लावलं तरी दाबता येईल, पण फोन अंगठा ओळखणार नाही, असं आधीच सांगितलं. चालेल का?

हे म्हणाले, "फोनने नाही ओळखलं तरी चालेल. मला तो ओळखता आला पाहिजे."

संध्याकाळी दोन तास फोनशी गप्पा. हुश्श.

१७ मार्च, सोमवार

हुश्श परत घेते. नकली बटण लोण्यासारखं. दाबलं की आत जातं, वर यायचं विसरतं. बसस्टॉपवर फोन मध्येच गप्प झाला. दोन बस गेल्या, ह्यांना पत्ता नाही. नशीब मी लांब मागे उभी होते. (ह्यांना सांगितलेलं नाही.)

भिंगवालीकडे घेऊन गेले. तिला माझ्यापेक्षा जास्त राग आला. "कंपनी पार्ट बाहेर विकत नाही, आणि बाजारात हे असलं येतं. आम्ही मेलेल्या फोनांवर जगतो, काकू. उद्या या. ओळखीच्या सगळ्यांना सांगून ठेवते. ह्या मॉडेलचा जो मेलेला फोन असेल तो आणा म्हणून."

१८ मार्च, मंगळवार

गेलो. तिने काय करावं! एका ताटलीत सहा बटणं मांडून ठेवलेली. सहा मेलेल्या फोनांची. कुणाची काच फुटलेली, कुणाचा बोर्ड जळालेला. "काका, तुम्हीच निवडा."

ह्यांनी बाह्या सरसावल्या. एकेक बटण बोटांत धरून, अंगठ्याने दाबून, कानाशी नेऊन. हे सैल. हे कुरकुरतंय. ह्याला आवाज आहे पण जोर नाही. परत पहिलं. परत चौथं. गल्लीतली दोन गिऱ्हाइकं हातातली कामं सोडून बघत उभी. मी म्हटलं, "मला बघायला आला होतात तेव्हा इतका वेळ लावला नव्हता!"

"तेव्हा मला दिसत होतं ना," हे म्हणाले. सगळी गल्ली हसली.

पाचवं निवडलं. भिंगवालीने श्वास रोखून बसवलं, आम्हीही रोखून. टक्! आणि फोन बोलला. पहिलं वाक्य – बॅटरी कमी आहे. इतकं गोड वाक्य मी कधी ऐकलं नाही.

तिने जेवढे पैसे घेतले त्यात नवा फोन सोडाच, नव्या फोनचं खोकंही आलं नसतं. पट्टी तोडल्याबद्दल आपली मजुरी बिलातून वजा केली होती, ती मी परत तिच्या गल्ल्यात टाकली. भांडली माझ्याशी.

१९ मार्च, बुधवार

हे गेले. एकटे! मी दारातच उभी. मागे जायचं नाही असं ठरवलं होतं, आणि खरंच गेले नाही. जिना उतरल्याचा आवाज, फाटक, मग काही नाही. मग फोन आला – "बसलो. बरोबर बसमध्ये बसलो. आता तू जा तुझ्या काचा कापायला."

जीव भांड्यात पडला.

दुकानात मालकीणबाईंनी वर्गफोटोंचा गठ्ठा समोर टाकला. एकशेवीस पोरं, सगळ्यांनी डोळे मिटलेले. काम करता करता मी गात होते असं त्या म्हणाल्या. मला आठवत नाही.

२० मार्च, गुरुवार

हे तीन डाव जिंकले. मी अकरा फ्रेमा केल्या. घरी आल्यावर दोघं आपापलं मोठेपण सांगत बसलो, ऐकलं कुणीच नाही. किती बरं वाटलं!

नवा फोन मी वापरायला घेतला. चिरंजीवांना कळवलं. कडेच्या बटणाला मात्र हात लावत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

काही विशेष नाही. देवा, किती छान, काही विशेष नाही.

२३ मार्च, रविवार

आज सुट्टी. हे तयार होऊन उभे. फोन खिशातून काढला आणि टेबलावर ठेवला. मी म्हटलं, "अहो, हा राहिला." तर म्हणाले, "राहू दे. आज तू चल. डोळे गेल्यापासून तू माझ्याबरोबर नुसती अशी कधी चाललीच नाहीस. सारखी मला सांभाळत असतेस. मला ऐकू येतं ते. वाट मी सांगतो, चल."

गेलो. पुलापर्यंत आणि परत. मी एकदाही काही सांगितलं नाही.