माय हसली तो खेळ

माय,

आज दवाखान्यात डॉक्टरने माझ्या खुब्याचा फोटो उजेडासमोर धरला आणि विचारलं, "काका, इथं पहिला मार कधी लागला होता?" मी म्हणालो, आठवत नाही. पोरगा भला होता. तपासायच्या टेबलावर चढताना मला उचलायला धावला नाही. पायरी पुढे सरकवली आणि मी चढेपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिला. अशी माणसं तुला आवडायची. पण त्याला मी खोटं सांगितलं. मला तो दिवस चांगला आठवतो, फक्त तो आधी तुला सांगायला हवा होता, आणि तुला जाऊन तर इतकी वर्षं झाली की आपल्या वस्तीत आता घरोघरी नळ आलेत आणि बायका पाण्यावरून भांडायचं विसरल्यात.

तू दिवसभर जमिनीवर बसून विड्या वळायचीस. मांडीवर सूप, त्यात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखू. माझी उंची सातव्या वर्षीच थांबलेली, त्यामुळे तू बसलीस की आपली नजर बरोबरीत यायची. उभ्याने तू माझ्याशी कधी बोललीच नाहीस. रागवायचं असलं तरी आधी खाली बसायचीस, मग रागवायचीस. एकदा सार्वजनिक नळावर मी बादलीसकट घसरलो आणि रांगेतल्या बायका खो-खो हसल्या. तू आपली घागर रांगेतून बाहेर काढलीस, मला उभं केलंस आणि म्हणालीस, "पडलं तं उचला त्याले. उचलता येत नसन तं डोये मिटा. पण माया पोरावर हसू नका वं." त्या दिवसापासून वस्तीत माझ्यावर कोणी हसलं नाही, निदान तुझ्यासमोर. पण त्या बंदीत माझे विनोदही मारले गेले. मी विडी कारखान्याच्या मुकादमाची अशी नक्कल करायचो की शेजारची काकू भिंत धरून हसायची, आणि तू ओठ मिटून पान कापत राहायचीस. हसण्यातलं कोणतं चांगलं आणि कोणतं वाईट, हे निवडत बसण्यापेक्षा तू सगळंच टाकून दिलं होतंस.

मग मी व्हरायटी शोमध्ये गेलो. गाणी, जादू, नकला, आणि मधे मधे मी. तू खाली बसलीस तेव्हाच मी ओळखलं. "दीक्षा घेतली तवा काय ठरलं होतं? आता कोनापुढे वाकाचं नाई. आन् तू लोकाइपुढे लोळून राहिला?"

"मले दुसरं काम कोन देते, माय?"

"विड्या वळ."

वळल्या असत्या. पण माझी बोटं आखूड, विडी सैल व्हायची आणि मुकादम ती बाजूला फेकायचा. हे तुलाही ठाऊक होतं, म्हणून तू मला अडवलं नाहीस. फक्त खेळ बघायला कधी आली नाहीस.

काटोल, नरखेड, रामटेक, मौदा. दिवाळी झाली की निघायचं आणि उन्हं तापली की परत यायचं. एसटीची पायरी माझ्या छातीला लागायची, कंडक्टर मला पेटीसारखा आत ठेवायचा आणि वर म्हणायचा, "तुयं अर्धं तिकीट घेऊ का पुरं?" प्रत्येक गावच्या कंडक्टरला वाटायचं, हा विनोद आपणच काढला. मीही दरवेळी हसायचो, कारण बसायला जागा हवी असायची. लोक म्हणतात जोकराचं काय, मजाच मजा. मजा त्यांची, कंबर माझी. माझा खेळ ठरलेला होता. मी मोठ्या मिशांचा फौजदार, आणि माझा हवालदार ताडमाड उंच. त्याच्या नजरेला नजर द्यायला मी टेबलावर स्टूल ठेवून चढायचो, सलाम ठोकायचो, खाली झेप घ्यायचो, आणि तो मला वरच्या वर झेलून काखेत मारून निघून जायचा. लोक लोळायचे. सारा मुलूख हसवून झाला होता, माय. घरातली एक बाई तेवढी राहिली होती.

त्या वर्षी तंबू आपल्या वस्तीजवळच्या मैदानात लागला आणि काकू तुला ओढतच घेऊन आली. पडद्याच्या फटीतून मी तुला पाहिलं. बायकांच्या बाजूला, अगदी पुढे, धुतलेलं पांढरं लुगडं, आणि चेहरा असा की कोणाला तरी पोचवायला आलीस. मी चढलो, सलाम ठोकला, झेप घेतली आणि धाडकन फळ्यांवर पडलो. तंबू हसण्याने हलला. त्या गलक्यात मला एक आवाज ऐकू आला, तो मी जन्मात ऐकला नव्हता. तू हसत होतीस. आधी तोंडाला पदर लावून, मग पदराचंही भान सोडून. मी पडल्या पडल्या तुला सलाम केला आणि तू काकूच्या खांद्यावर डोकं टेकवलंस.

खेळ संपल्यावर आपण दोघं चालत घरी आलो. तू म्हणालीस, "मले वाटे, लोक तुले हसतात. तू तं त्याइले हसवून राहिला रे. ह्याच्यात लय फरक आहे. माय असून मले कयलं नाई." मी लंगडत होतो. ते पाहून तू पुन्हा हसलीस आणि म्हणालीस, "पुरे कर आता सोंग. घर आलं."

ते सोंग नव्हतं, माय. हवालदाराचा पाय माइकच्या वायरीत अडकला आणि तो माझ्यापर्यंत पोचलाच नाही. मी खरोखर पडलो होतो, नळावर पडलो होतो तसाच. पण तेवढ्या बोलण्यात तू माझ्या कामाला पहिल्यांदा काम मानलं होतंस, आणि जिने साऱ्या वस्तीचं हसणं थांबवलं तिला मी कसं सांगू की आज तूही? तू ते हसू मरेपर्यंत मनाला लावून घेतलं असतंस. म्हणून मी उंबरठ्यापर्यंत आणखी जोरात लंगडलो. पुढे शोच्या मालकाने ते पडणं खेळात कायमचं घातलं, लोकांना फार आवडलं म्हणून. मी पडायला शिकलो, पण खुबा पहिल्याच दिवशी गेला होता.

आता थकलो. खेळ कधीच बंद झाला, हवालदारही गेला, आणि तंबूच्या मैदानावर घरं झाली. एक मात्र कबूल करतो. फळ्यांवर पडलो तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली होती, आणि तरी तुझं हसणं कानावर येताच मला वाटलं, अजून थोडा वेळ उठू नये. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणूनच लिहिता आलं. तुला पोचणार असतं, तर मी आजही लिहिलं असतं की ते सोंगच होतं.