मागून घेतलेली केबिन

अप्पा, मागच्या पत्रात मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची लिहिली. बोटीतली केबिन आम्हाला आपोआप मिळाली, कारकुनानं स्वतःहून बोलावून दिली, असं मी लिहिलं होतं. तसं झालं नाही. मी ती मागितली. तुम्हाला लिहिलेली पत्रं कुणी वाचत नाही, आणि तुम्हाला तर हयातीतही अक्षर वाचता येत नव्हतं. पण म्हणून चुकीचं तसंच राहू द्यावं, हे मला जमत नाही. आपल्या घरात लिहिणारी मी पहिलीच. मी जे लिहीन तेच पुढं खरं ठरायचं.

मालवणच्या मुलींच्या शाळेत मला मास्तरणीची नोकरी लागली, तेव्हा मोठे काका म्हणाले, निजामाची हद्द सोडून पोरीनं एकटीनं जायचं नाही. म्हणून अव्वा माझ्याबरोबर निघाली. नळदुर्ग ते सोलापूर मोटारीनं आणि पुढं आगगाडीच्या लाकडी बाकानं तिची कंबर धरली होती. मुंबईला भाऊच्या धक्क्यावर आम्ही मायलेकी सकाळीच पोचलो, तर तिथं पाय ठेवायला जागा नाही. आमची तिकिटं डेकची, म्हणजे उघड्या फळ्यांवर जागा सापडेल तिथं वळकटी पसरायची. अव्वा ट्रंकेवर वाकडी होऊन बसली. इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय ती पाणीही तोंडात घेत नाही, हे तुम्हाला मी काय सांगू! त्या गर्दीत, माशांच्या टोपल्यांमध्ये, तिनं लिंग बाहेर काढलंच नाही. ओठ सुकले होते, तरी मला म्हणत होती, "तू खाऊन घे. माजं बोटीत बघू." तेवढ्यात फाटकापाशी टेबल मांडून बसलेला कारकून हमालाला म्हणाला, "डेकवर आता मुंगीला जागा नाही, आणि वर केबिनवाले आलेच नाहीत." मी ते ऐकलं.

मला निजामाच्या हद्दीवरचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका आठवला. तुम्ही दुकानाचा माल आणायला सोलापूरला निघाला आहात, गाडीत तापानं फणफणलेली अव्वा आहे, आणि नाक्यावर आपल्या आधी गाड्यांची रांग आहे. ऊन तापलंय. तुम्ही जमादाराला म्हणताय, "साहेब, मंडळीला ताप हाय, गाडी निंबाखाली घेऊ द्या." तो नाही म्हणतो. तुम्ही जरा वेळानं परत जाता. मला शाळेत घालून तेव्हा फार दिवस झाले नव्हते, पण लाज मात्र मी पुरती शिकले होते. मी तुमच्या धोतराला धरून म्हणते, "अप्पा, नका ना मागू." आणि तुम्ही सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडता, "मागून न्हाय मिळालं तर माजं काय गेलं? न मागता ती उन्हात बसली, तर माजं गेलं!" शेवटी जमादारच हसला. "तुम तो पीछाच नहीं छोड़ते, सेठ. लेव, झाड के नीचे लेव." मला तुमचा राग आला होता. त्या निंबाच्या सावलीत मी बसले, याचीही मला पुढं किती दिवस लाज वाटायची.

धक्क्यावर मी उठले आणि टेबलाशी गेले. "साहेब, ती रिकामी केबिन आम्हाला द्या."

त्यानं चष्म्यावरून बघितलं. "वरच्या वर्गाचं तिकीट आहे?"

"डेकचं आहे. पण डेकवर जागा नाही, असं तुम्हीच आत्ता म्हणालात. माझ्या आईची कंबर धरली आहे. तिला आडवं व्हायला जागा हवी."

"असं सगळेच म्हणतील, बाई."

"अजून कुणी म्हटलेलं नाही."

हमाल मोठ्यानं हसला. "देऊन टाका साहेब, मास्तरीण दिसतीय. न्हायतर हितंच तुमची शाळा घेईल."

कारकुनालाही हसू आलं. "केबिन चौघांची आहे. दोघींना कशी देऊ?" मागं एक मालवणची बाई तान्हं मूल घेऊन उभी होती. मी तिला हात धरून पुढं ओढलं. "ह्या आमच्याबरोबर येतील." त्यानं तिकिटांवर निळ्या पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि आम्ही वर गेलो. अप्पा, मी हात जोडले नव्हते, आवाजही कापला नव्हता.

केबिनमध्ये अव्वानं निवांत पूजा केली, भाकरी खाल्ली, आणि मग गादी घातलेली फळी सोडून खाली जमिनीवर घोंगडी पसरली. मालवणीण बघतच राहिली. "गो आये, गादयेर काटे आसत काय?"

"काय म्हणती ही?" अव्वानं मला विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "काटे कशाचे? म्या गादी सोडलीया, बाई."

मला वाटलं, नेम म्हणूनच सोडली असणार. तुम्हाला माती दिली तेव्हापासून अव्वा भुईवर निजते. सगळी गल्ली तिच्या नेमाचं कौतुक करते. दुपारी बोट खुल्या समुद्रात आली आणि डुलायला लागली, तशी अव्वा घोंगडीसकट दारापर्यंत घसरत गेली. आम्ही तिघी हसलो. मी म्हटलं, "अव्वा, नेम घरी पाळ. बोटीत अप्पा काय म्हणणार नाहीत."

"नेम कुणी धरलाय?" ती दाराशी बसूनच म्हणाली. "तुझा बाप गेला, तवा पावणं लई आलं. काकूनं माजी गादी पावण्यांसाठी नेली. पावणं गेलं, गादी आली न्हाय. आज मागू, उद्या मागू म्हनलं, तवर बाया म्हनाय लागल्या, बघा, मालक गेल्यापासनं भुईवर निजती. मग कशी मागू?"

मालवणिणीला सगळं समजावून सांगितलं, तेव्हा तिनं मूल माझ्याकडं दिलं, अव्वाला काखेत धरून उठवलं आणि म्हणाली, "मगे चड वर!" अव्वा चढली. झोपली नाही ती. हातानं गादी चाचपत पडून राहिली.

इथं मालवणात पुन्हा चटई. बोटीतलं बोटीत राहिलं, म्हणते. मी नवी गादी घेऊ म्हटलं, तर म्हणाली, "माजी हाय की." तुम्ही लोहाऱ्याच्या बाजारातून कापूस आणून, पिंजाऱ्याला दारात बसवून भरून घेतली होती ना, ती. अजून काकूच्या माजघरात आहे. काकू त्यावर उशा रचून ठेवते. मी किती दिवस विचार करत होते. गादी आणली, तर अव्वाचं नेमाचं नाव जाणार. तुमच्या माघारी गल्लीत तिला मान मिळाला, तो एवढ्याच गोष्टीवर. तो तिच्याकडून काढून घेणारी मी कोण? म्हणून तिलाच विचारलं. तांदूळ निवडता निवडता तिनं एक खडा वेगळा काढून ठेवला. मग मान वर न करता म्हणाली, "माग. पर म्या मठात गेल्यावर माग."

सुट्टी लागली आहे. शुक्रवारच्या बोटीनं निघून आम्ही रविवारी नळदुर्गला पोचू. हे पत्र मागच्या पत्रांसारखंच ट्रंकेत जाईल. एक कबूल करते, अप्पा. धक्क्यावरचा कारकून परका होता. काकूच्या हाताखाली मी वाढले आहे, आणि मला तिची अजून भीती वाटते. पण अव्वा मठात जाते ती सोमवारी. म्हणजे रविवारी पोचलो, की दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी.