दोन पावसाळे पाहिलेलं बी

अश्विन शुद्ध ११, शके १७८६

खोटं बोललो! दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी. अन् तेही गोदावयनीसंग.

सकाळीच कांद्याचं बी मागाले आली. दरसाल येते. शेजारच्या नत्थुजीची बायको. नत्थुजी जेठ महिन्यात वारला, तेव्हापासून घरामागची वाडी एकटीच सांभाळून राहिली. हिवाळ्याची सगळी तयारी करून ठेवली तिनं. शेणखत घातलं, वाफे बांधले, वालाले मांडव घातला, उत्तरेच्या वाऱ्याले आडोसा म्हणून कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांची ताटी उभी केली. म्हणे, "पयले तुमच्या घरचा कांदा, मंग मेथी, सांभार-कोथमीर, वाल. थांबली हावो मी."

माझ्याजवळ बी आहेच कुठं! गेल्या हिवाळ्यात ज्या वाफ्यात बियाचे कांदे लावायचे, तिथंही पऱ्हाटीच उभी ठेवली मी. अमरावतीच्या बाजारात कापसाले असा भाव कोणी जन्मात पाहिला नव्हता. साऱ्या गावाचं डोकं फिरलं, माझंही फिरलं. पण माळ्याच्या घरी कांद्याचं बी नाही, हे कोणत्या तोंडानं सांगू? म्हणलं, "उद्या काढून ठेवतो, वयनी."

मडक्यात आहे ते दोन पावसाळे पाहिलेलं. कांद्याचं बी एकाच पावसाळ्याचं, दुसऱ्यात मरते, हे इथलं शेंबडं पोरगंही सांगते.

अश्विन शुद्ध १२

दिलं.

जुनं बी मळकं दिसते म्हणून जवसाच्या तेलाचा हात लावला. काळंभोर चमकून राहिलं! तिनं पदरात घेतलं, कपाळाले लावलं. म्हणे, "भगवंतबाबाच्या घरचं बी. कदी हुकलं नाही." भगवंतबाबा म्हणजे माझे बाबा.

मग जाता जाता थांबली. "भाऊ, पयली चिमूट तुमीच टाका ना. माह्या हाताले आता लोकं नावं ठेवतात."

मी म्हणलं, कापसाची वेचणी चालू आहे, सवड नाही. वेचणी अजून लागलीही नाही! माझा हात लागला अन् उगवलं नाही, तर बोल माझ्यावर येईन. म्हणून नाही गेलो. लिहितानाही लाज वाटून राहिली. बाबांनी ही वही पाणी अन् पेरणी लिहाले दिली होती. काय लिहून राहिलो मी हिच्यात!

अश्विन वद्य ३

वयनीच्या वाडीवरून जाणं सोडलं. नाल्याकडून फेरा घालून वावरात जातो.

अश्विन वद्य ७

वाफा उघडाच! कांद्याचा एक कोंब नाही. मेथी नाही, सांभार नाही, तिनं काहीच टाकलं नाही. कांद्यासाठी अडून बसली. इकडे ओल उडून चालली, सकाळचा गारवा वाढला.

विहिरीवर तिचा दीर खुशालराव चारचौघांत बोलला. "कपाळ पांढरं झालेल्या बाईनं बी टाकलं, उगवन कसं? दिवाळीपर्यंत पाह्यतो. नाही उगवलं तं वाफे मोडतो, कापूस रचाले जागा होईन." वयनी तिथंच घागर भरून राहिली होती. मान वर केली नाही तिनं.

मी बैलांले पाणी पाजून राहिलो होतो. पाजतच राहिलो. नत्थुजी असता तर माझी मान पकडली असती, अन् बरोबरच केलं असतं.

अश्विन वद्य ११

वयनी अजून त्या वाफ्यावर पाणी शिंपून राहिली. सकाळी अन् संध्याकाळी, हातानं, हळूहळू. मेलेल्या बियाले! ताटीच्या फटीतून पाहिलं अन् मागच्या मागं फिरलो.

कार्तिक शुद्ध १

पाडवा. कापसाच्या पैशाचं नवं धोतर नेसलो. बायकोनं, शकुननं, ओवाळलं. ताट खाली ठेवता ठेवता म्हणे, "त्या रोजी जवसाच्या तेलाची वाटी मडक्यापाशी काहून होती?"

मी अनरसा तोडून तोंडात टाकला.

"विहिरीवर खुशालराव बोलला त्या रोजी ते बाई सोताच्या हाताले दोष देऊन राहिली होती. मले म्हने, तुमच्या हातानं टाकून पाहा, शकुनबाई. तुमचे बाबा असते तं आज तोंड दाखवलं असतं का तुमी त्यायले?"

बायकोचं बोलणं असं कधी लागलं नव्हतं. उरलेला अनरसा ताटात ठेवला अन् उठलो.

कार्तिक शुद्ध ३

भातकुलीपलीकडे एका म्हाताऱ्या माळ्याकडे चालत गेलो, यंदाचं बी मागाले. त्यानं नाव विचारलं. सांगावं लागलं. डोळ्यांवर हात धरून किती वेळ पाहिलं त्यानं माझ्याकडे. "भगवंताचा पोरगा? आन् बी मागून राह्यला?" पण दिलं बिचाऱ्यानं. दोन पसे.

पुरचुंडी बांधून आणली. उद्या नाही तर परवा, खुशालरावासमोर सांगतो. वयनीचा हात नाही, माझं बी मेलेलं होतं, असं. पाठ करून राहिलो!

कार्तिक शुद्ध ५

वयनीच्या वाडीत गेलो. खुशालराव बैल घेऊन आधीच उभा. मी पुढं झालो अन् पाय जागीच थांबले.

वाफा हिरवा! सुया टोचल्यासारखे बारीक कोंब, दाट, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

वयनी मोठ्यानं म्हणे, "पाहा भाऊजी! भगवंतबाबाच्या घरचं बी हाय. थंडीनं उशीर झाला, येवढंच." खुशालरावानं वाफ्याकडे पाहिलं. बैल वळवले अन् गेला.

तेव्हा तरी सांगाचं होतं. पुरचुंडी मुठीत होती. पण सगळं आपसूक निभलं असं वाटलं, अन् मी हसलो. हसलो! घरी येऊन शकुनले म्हणलं, उगवलं बरं का आपलं बी. ती चुलीकडे वळली.

कार्तिक शुद्ध ६

दुपारी वयनी आली. ओट्यावर चिंधी सोडली. माझंच बी, मातीत माखलेलं, अजून तेलकट.

"वद्य अष्टमीलेच उकरून पाह्यलं होतं मी. जे उगवलं थे माह्या मायच्या गावचं हाय."

मी म्हणलं, "मग बोलल्या काहून नाही, वयनी? काल माझ्या घराचं नाव काहून घेतलं?"

"भगवंतबाबाचं नाव होतं थे. आन् तुमी सांगान म्हनून वाट पाह्यली मी. कालबी पाह्यली. मुठीत पुरचुंडी होती तुमच्या. दिसली मले."

ती गेली. तसाच उठलो, विहिरीवर गेलो. खुशालराव होता, बायका होत्या. सांगितलं. तेलाचंही सांगितलं.

उद्या माझ्या वाफ्यातली पऱ्हाटी उपटतो, बोंडांसकट. तिथं बियाचे कांदे लावायचे. पहिला कांदा वयनीच्या हातानं.