फूल की दोन पानं

आई, तू त्या दिवशी कशावर शिक्का मारलास, फुलावर की दोन पानांवर? तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मला हे विचारायचं आत्ता सुचतंय, तेही इथे डार्मश्टाटच्या स्वयंपाकघरात बसून. लिहायचा मला कंटाळा, तुला ठाऊक आहे. चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, अक्षर अजून कोंबडीने पाय फिरवल्यासारखं. पण आज सुट्टी आहे, हे मित्राकडे गेलेत, लेकीला फोन केला तर तिने मराठी ऐकून जर्मनमध्ये दोन वाक्यं बोलून ठेवून दिला. मग म्हटलं, जिच्याकडून उत्तर यायची भीती नाही तिलाच लिहावं.

मी तेव्हा लहान होते, पण अगदी बावळट नव्हते. गोवा महाराष्ट्रात घालायचा की वेगळा ठेवायचा हे लोकांना विचारणार होते. महाराष्ट्रात जायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. बाबा फुलाचे. त्यांचं भजनी मंडळ, त्यांची मराठी पुस्तकं, आणि भाटकाराच्या जमिनीत कूळ म्हणून राबून वाकलेली पाठ. मुंबईचं सरकार आलं की भाटकाराची मिजास उतरेल असं ते येईल त्याला सांगायचे. तुझं माहेर मात्र काजूच्या भट्टीवर जगणारं. महाराष्ट्रात दारूबंदी होती, फूल आलं की मामाची भट्टी बंद होणार असं सगळे म्हणत होते. मामा येऊन सोप्यावर बसला, मतदानाबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि जाताना फेणीची बाटली कोपऱ्यात ठेवून गेला. मतदानाच्या दिवशी बाबा म्हणाले, फूल विसरू नको. तू म्हणालीस, बरं. अबोलीचा वळेसर माळलास आणि बायकांबरोबर निघून गेलीस.

निकाल आला, पानं जिंकली. बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले, जेवायला उठेनात. तू चुलीपाशी बसून बांगडे तळतेस, सगळ्यात जाड बांगडा त्यांच्या ताटात घालतेस, मामाची बाटली उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवतेस, आणि तोंडातून शब्द नाही. बाबांनी घेतलीसुद्धा. मी तुझ्या कानाशी येऊन विचारलं, आई, तू कशावर मारलास? आमटी वाढायचा करवंटीचा डवला माझ्या बोटांवर बसला. "ओगी राव," म्हणालीस. गप्प बस. पुढे ह्यांच्या मागून मी जर्मनीला यायला निघाले तेव्हा तोच डवला तू माझ्या पिशवीत साड्यांच्या घडीत खुपसलास. अजून आहे. शेगडीच्या वर टांगलाय. लेकीला वाटतं शोभेचा आहे.

आता हे सगळं का उकरते ते सांगते. मी एका मोठ्या कंपनीच्या कांटीनमध्ये काम करते. सकाळी बटाटे, कांदे, मग भांडी. माझी जोडीदारीण मॉन्टेनेग्रोची. इतकी वर्षं आम्ही एकाच टेबलापाशी उभ्या आहोत की तिची कंबर कधी दुखणार ते मला तिच्याआधी कळतं. ती लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात कॉफी उकळते, चिखलासारखी दाट, आणि ती प्यायल्याशिवाय मी सुरीला हात लावत नाही. तिचा नवरा ट्राम चालवतो. तोही तिथलाच, पण वरच्या डोंगराळ भागातला, आणि त्याचा भाऊ सर्बियात बेलग्रेडला. त्यांचा मोठा देश आधीच मोडला होता, सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो एवढे दोनच एकत्र उरले होते. मग मॉन्टेनेग्रोत मत घ्यायचं ठरलं, सर्बियाबरोबर राहायचं की स्वतंत्र देश व्हायचं. बायको म्हणाली स्वतंत्र. नवरा म्हणाला एकत्र. दोघांची नावं तिथल्या यादीत होती.

तिला खरी काळजी देशाची नव्हती, घराची होती. समुद्राकाठी त्यांनी घर बांधलेलं, दर उन्हाळ्यात सुट्टी घेऊन जायचं आणि थोडं बांधून यायचं. वरच्या मजल्यासाठी गच्चीवर लोखंडी सळ्या उभ्या ठेवलेल्या, आपल्याकडे ठेवतात तशाच. पेन्शन सुरू झालं की दोघांनी तिथे जाऊन राहायचं, हे लग्नापासून ठरलेलं. आणि आता हा म्हणू लागला, देश तुटला तर मी घर विकणार, परदेशात म्हातारं व्हायला मी येणार नाही. ती मला हे सांगते आणि कांद्यावर सुरी आपटते. मी म्हटलं, अगं, तो तीस वर्षं जर्मनीत ट्राम चालवतोय, हा काय त्याच्या आजोबांचा देश आहे? ती म्हणाली, गेनाऊ, अगदी बरोबर, हेच मी त्याला सांगितलं, तेव्हापासून तो बाहेरच्या खोलीत झोपतो.

मला असल्या गोष्टी लांबवलेल्या आवडत नाहीत. मी सांगितलं, तुझं मत तिकडे, त्याचं इकडे, दोघांनी घरीच बसा, पेट्रोल वाचेल. तिला पटलं. नवऱ्यालाही पटलं. दोघांनी हातावर हात मारला. दोन दिवसांनी कळलं की तिने गुपचूप बसचं तिकीट काढलंय, आणि त्याने गाडीचं तेल बदलून घेतलंय. मग काय, एकाच गाडीतून निघाले, एकमेकांचं मत मारायला, मधे उकडलेली अंडी आणि पावाचा डबा. त्यात अट अशी होती की स्वतंत्र व्हायला शंभरात पंचावन्न मतं हवीत. म्हणजे निम्मी-निम्मी पडली तर जिंकणार नवराच. हे बाईसाहेबांच्या लक्षात आलं ते ऑस्ट्रियात. तो इतक्या आनंदाने गाडी का चालवतोय तेही तेव्हाच कळलं म्हणे.

निघायच्या आधी तिने मला विचारलं होतं, आम्ही जिंकलो तर मी काय करू? तेव्हा आई, मी तुझं सांगितलं. माझ्या आईने नवऱ्याच्या विरुद्ध मत दिलं, जिंकली, आणि त्याला बांगडे तळून वाढले. एक शब्द बोलली नाही, मरेपर्यंत बोलली नाही, आणि घर चाललं. ती सुरी खाली ठेवून म्हणाली, "तुझी आई शहाणी बाई होती." मी म्हटलं, जा जा, होतीच.

आणि जिंकले की स्वतंत्रवाले. अगदी काठावर, पण जिंकले. सगळा गाव रस्त्यावर नाचत होता, मोटारींचे भोंगे, आणि ही घरात नवऱ्याला मासे भाजून वाढत होती. परत येतानाच्या सगळ्या रस्त्यात तिने जिंकल्याचं नाव काढलं नाही. मला म्हणाली, जन्मात इतकं कठीण काम केलं नाही, जीभ चावून चावून सुजली. पुढच्याच महिन्यात इथे फुटबॉलचा वर्ल्ड कप. त्यांचा संघ आधीच ठरलेला, त्यामुळे जो देश उरलाच नाही त्याच्या नावाने पोरं खेळत होती. अर्जेंटिनाने त्यांना सहा गोल मारले. आम्ही सगळे टीव्हीपुढे. नवरा रडकुंडीला आलेला. सहावा गोल झाल्यावर म्हणाला, बघ, देश गेला की बचाव करायलाही कोणी उरत नाही. ही हसली, मग तिलाच रडू फुटलं, आणि दोघं एका रुमालाला नाक पुसत बसले. त्या रात्रीपासून तो बाहेरच्या खोलीतून आत आला, असं मला सकाळच्या कॉफीबरोबर कळवण्यात आलं.

घराचा प्रश्न तसाच होता. भावाकडे जायचं तर आता पासपोर्ट दाखवावा लागायचा, त्यावरून हा महिनोन्महिने चिडलेला. पैशाचा तेवढा घोळ झाला नाही, कारण ते लोक आधी जर्मन मार्क वापरत होते आणि आता युरो. मी विचारलं, तुमची स्वतःची नोट नाही? ती म्हणाली, मार्क आम्हीच इथून नेत होतो, मग आमचाच की. पण स्वतंत्र झाल्यावर बाहेरचे लोक समुद्राकाठची जागा घ्यायला तुटून पडले. रशियन तर पिशव्या भरून पैसे घेऊन आले म्हणे. ज्या खडकावर शेळीसुद्धा थांबत नव्हती त्याला गिऱ्हाईक यायला लागलं. शेजारच्याने विकलं, पलीकडच्याने विकलं. ती रोज सकाळी म्हणायची, आता हा विकणार. त्याला कारणही आहे आणि भावही.

एका रविवारी दोघं आमच्याकडे जेवायला. मी माशाची आमटी केलेली, सोलं घालून, ह्याच डवल्याने वाढत होते. त्याचा फोन वाजला. तिथल्या दलालाचा, रशियन गिऱ्हाईक घेऊन बसलेला. तो बराच वेळ ऐकत राहिला. तिचा चमचा ताटाच्या वर तसाच थांबलेला. आमचे हे उगाच पाणी पिऊ लागले. मग तो फोनमध्ये तिकडच्या भाषेत काहीतरी ओरडला, फोन टेबलावर आपटला आणि आमच्यासाठी जर्मनमध्ये म्हणाला, "रशियनाला द्यायची? आमच्या देशातली जागा?"

ती म्हणाली, "कुठल्या देशातली?"

त्याने ताटात बघितलं. "मासा गार होतोय," म्हणाला.

तिने पुढे एक शब्द काढला नाही. टेबलाखालून माझ्या पायावर पाय मात्र असा दिला की माझं बोट दोन दिवस ठणकत होतं. पुढे मंदी आली, गिऱ्हाइकं आली तशी पळाली, आणि तो सगळ्यांना सांगत सुटला की त्याला हे आधीच दिसत होतं. यंदा उन्हाळ्यात वरचा मजला बांधून झाला. तिने तिथली द्राक्षांची घरी गाळलेली दारू आणून दिली मला, प्लॅस्टिकच्या बाटलीत. आत्ता झाकण उघडलं तर नाकात मामाची भट्टी शिरली. म्हणून हा कागद घेतला.

आणि मग डोक्यात आलं ते आलंच. तू त्या दिवशी गप्प होतीस ती जिंकलीस म्हणून, असं मी जन्मभर धरून चालले. पण मला तू कुठे सांगितलंस? तू बरं म्हणाली होतीस बाबांना. खरंच फुलावर मारला असशील, तर त्या दिवशी तूही हरली होतीस, आणि ते बांगडे म्हणजे दोन हरलेल्यांचं जेवण होतं. मग मी मॉन्टेनेग्रोच्या बाईला काय सांगून बसले? ती माझ्या बोलण्यावर जीभ चावत ऑस्ट्रियातून परत आली. ती आता सगळ्यांना सांगते, हिच्या आईने असं असं केलं. तिकडे त्यांच्या गावातसुद्धा तू दोन पानंवाली म्हणून प्रसिद्ध आहेस.

तेव्हा वर विचारलेलं राहू दे, आई. हा कागद मी डवल्याच्या मागे खिळ्याला अडकवून ठेवते. तुझं उत्तर पानं असेल तर मला माहीतच आहे. फूल असेल तर कळवू नकोस.