जपानी विदूषकाचा फेटा

इंदुरी,
माघ शुद्ध सप्तमी

तीर्थरूप माधवरावमामांच्या चरणी भाचा दीनानाथ याचा दंडवत. आधी आपल्या गुडघ्यांची चौकशी (मामींच्या पत्रांत त्यांचा इतका उल्लेख असतो की ते मला घरातलेच कोणी वडीलधारे वाटू लागले आहेत). इकडे सर्व क्षेम असून आम्ही जपानवर विजय मिळवला आहे.

झाले असे की लोणावळ्यास जपानी कसरतवाल्यांचा तंबू लागला. मी पडलो मास्तर. जपान्यांच्या टापटिपीवर गावात आठवडाभर व्याख्याने झोडली आणि कोंडाजीआबांना आग्रहाने नेऊन पुढच्या बाकावर बसवले. (आमच्या शाळेची कौले त्यांनीच दिलेली. त्यांचे मन मोडले तर पावसाळ्यात शाळा आभाळाखाली भरेल.) बांबूवरच्या कसरती पाहून आबा खूश होते. मग 'हिंदुस्थानचा राजा' म्हणून विदूषक आला. तोंडाला काजळी, ओठ लालभडक, डोक्यावर घागरीएवढा फेटा. तो माकडासारखा खाजवत नाचला तेव्हा लोक हसले (मीही हसलो, खोटे कशाला बोलू?). शेवटी त्याने फेटा ओढून काढला आणि त्याच फेट्याने जमीन पुसू लागला, तसे लोकांचे हात आपापल्या फेट्यांकडे गेले. आपण जाणताच, मावळात एखाद्याचा फेटा भुईला लावला तर दोन घरांचे येणेजाणे तीन पिढ्या बंद होते. आबा उठले.

आबा रिंगणात शिरले, तो जपान्यांतच हाहाकार उडाला. आबा चपलांसकट त्यांच्या चटईवर उभे होते! तिच्यावर ते जेवतात, गुरूला नमस्कार करतात, असे त्यांचा दुभाषा कळवळून सांगू लागला. आबांनी पायाकडे पाहिले, मागे जाऊन चपला काढल्या, मग फेटा उचलून झटकला आणि विदूषकाला समोर बसवून असा कसून बांधला की लग्नातल्या व्याह्यालाही मिळू नये.

"पाव्हनं, तुमची चटई मी तुडवली, चुकलो," ते म्हणाले. "पर ह्ये डोईवरचं हाय. ह्येनं भुई पुसत न्हाईत."

जपानी मालक कमरेत वाकला. आमच्याकडे या सोंगाला सगळे हसतात, वाईट आहे असे आजवर कोणी सांगितलेच नाही, म्हणाला. आबाही वाकले. तो पुन्हा वाकला. आधी थांबायचे कोणी हे ठरेना, असे सात वेळा झाले. दुसऱ्या दिवशी विदूषक तोंड धुऊन तोच फेटा बांधून दोरीवर चालला आणि फेटा तसूभर हलला नाही. मामा, माझी छाती अशी फुगली की कोटाचे बटण तुटले. परक्याला माणूस समजावे, यावर मी तेव्हापासून रोज व्याख्यान देतो.

आपला आज्ञाधारक,
दीनानाथ

ता. क. तो जपानी मालक शनिवारी आमच्या शाळेच्या संमेलनाला पाहुणा म्हणून येत आहे.

ता. क. दुसरा. आपल्या नाटक कंपनीच्या कपडेपटातून मागवलेल्या लोंबत्या मिशा परत पाठवत आहे. संमेलनासाठी मी 'जपानी सरदार' नावाचे प्रहसन लिहिले होते. सरदार मीच. काल तालमीला आबा आले, दाराबाहेर चपला काढल्या, माझे हळदीने माखलेले तोंड आणि चिकटपट्टीने ओढलेले डोळे न्याहाळले. मग म्हणाले, "गुर्जी, आता ह्या पाव्हन्याचा फेटा कोन बांधनार?" तरी शुक्रवारच्या गाडीने दुसरे कोणतेही सोंग पाठवावे. वाघाचे कातडे असले तरी चालेल. तीन वेळा तोंड धुतले, पण कानामागची हळद अजून निघत नाही.